खंडानंतरचा व्यायाम

नियमित व्यायाम बंद पडला की पहिला बदल रक्तात होतो. दोन आठवड्यांच्या आतच रक्तातील द्रवाचे प्रमाण घटते आणि शरीरात फिरणारे एकूण रक्त कमी होते. हृदयाच्या एका ठोक्यासरशी कमी रक्त पुढे जाते, म्हणून तेवढ्याच कामासाठी ठोके वाढवावे लागतात. महिनाभर चालणे सुटलेल्या माणसाला नेहमीच्याच चढावर धाप लागते ती यामुळे. पुढच्या काही आठवड्यांत स्नायूंच्या पेशींमध्ये ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांचे काम मंदावते आणि थोड्या श्रमानेही पाय भरून येतात.

ही घट मोजली गेली आहे. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कसलेल्या धावपटूंना आणि सायकलपटूंना सराव पूर्ण थांबवायला सांगितले होते. जास्तीत जास्त प्राणवायू वापरण्याची त्यांची क्षमता तीन आठवड्यांत ७ टक्क्यांनी आणि बारा आठवड्यांत १६ टक्क्यांनी उतरली. ताकद मात्र इतक्या लवकर जात नाही. तीन-चार आठवड्यांच्या खंडात ती फारशी कमी होत नाही. त्यानंतर हळूहळू ओसरते आणि वय जास्त असेल तर ओसरण्याचा वेग वाढतो.

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत व्यायामाकडे परतणाऱ्याला शरीराबरोबर ऋतूचाही विचार करावा लागतो. उन्हाळ्यातला पारा, जंगलालगतची वस्ती, धानाचा हंगाम, हिवाळ्यातली धुरकट हवा आणि सिकलसेल-मलेरियासारखे आजार या सगळ्यांतून वाट काढत इथले वेळापत्रक बसवावे लागते.

गेलेले परत येते

व्यायाम पुन्हा सुरू करणाऱ्यांसाठी सर्वांत दिलासा देणारा पुरावा अमेरिकेतील डॅलस शहरातून आला. १९६६ साली तिथे विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवले गेले. त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता एक चतुर्थांशाहून अधिक घटली; नंतरच्या आठ आठवड्यांच्या व्यायामाने ती भरून आली आणि पुढेही गेली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. पन्नाशीला पोहोचलेल्या या माणसांची क्षमता तीस वर्षांत जेवढी उतरली होती, त्याहून जास्त ती तरुणपणीच्या त्या तीन आठवड्यांत उतरली होती. मग सहा महिने बेताचा, क्रमाक्रमाने वाढवलेला व्यायाम करून त्यांनी वयामुळे आलेली घट भरून काढली. अंथरुणातले तीन आठवडे तीस वर्षांपेक्षा महाग पडले, आणि पन्नाशीतला सहा महिन्यांचा व्यायाम त्या तीस वर्षांना पुरून उरला.

स्नायूंच्या बाबतीत तर शरीर आधीची कमाई काही प्रमाणात सांभाळून ठेवते. व्यायामाने स्नायुतंतू जाड होताना त्यात नवी पेशीकेंद्रके येतात. नॉर्वेतील ऑस्लो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगात दिसले की स्नायू पुन्हा बारीक झाल्यावरही ही केंद्रके टिकून राहतात. पूर्वी व्यायाम केलेला माणूस नवशिक्यापेक्षा लवकर ताकद कमावतो, त्यामागचे हे एक कारण मानले जाते.

धोका वेगळ्याच ठिकाणी असतो. रक्ताचे प्रमाण एक-दोन आठवड्यांत सुधारते, दम तीन-चार आठवड्यांत वाढल्याचे जाणवते, स्नायूंना काही आठवडे लागतात. पण स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरा, सांधे आणि हाडे यांना पुन्हा भार सोसायची सवय व्हायला महिने लागतात. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दम पुरतो, उत्साह येतो, अंतर एकदम वाढवले जाते, आणि टाच, गुडघा किंवा नडगी धरते. परतण्याचा वेग शरीरातल्या सर्वांत सावकाश सुधारणाऱ्या भागावर ठरवावा, हा या विषयातला मुख्य नियम आहे.

व्यायाम सुटतो कुठे

या दोन जिल्ह्यांत सकाळी मैदानावर दिसणारी तरुण मंडळी बहुतेक भरतीची तयारी करणारी असतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते; वनरक्षक भरतीत पुरुषांना चार तासांत २५ किलोमीटर आणि महिलांना १६ किलोमीटर चालून दाखवावे लागते. भरती झाली, किंवा वयोमर्यादा उलटून गेली, की अनेकांचे धावणे त्याच दिवशी थांबते. काही वर्षांनी पुन्हा भरती निघाली किंवा वजन वाढले की ते जुन्याच वेगाने धावायला जातात. मनाला जुना वेग आठवत असतो, पण कंडरांची तयारी उरलेली नसते.

कोळसा खाणी, वीज केंद्र आणि कागद कारखान्यातील कामगारांचा व्यायाम पाळ्यांमुळे मोडतो. पहिली पाळी, दुसरी पाळी आणि रात्रपाळी अशी अदलाबदल होत असताना ठरावीक वेळ टिकत नाही. स्त्रियांचा व्यायाम बाळंतपण आणि घरकाम यांत सुटतो आणि तो पुन्हा सुरू करायला त्यांना क्वचितच कोणी सांगते. जगातील निरनिराळ्या देशांच्या आकडेवारीवरून २०२४ मध्ये मांडलेल्या एका अभ्यासानुसार २०२२ साली भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के होते.

शेतीत कष्ट करणाऱ्याला व्यायामाची गरज काय, असे विचारले जाते. धानाच्या पट्ट्यात हे कष्ट वर्षभर सारखे नसतात. जुलैमध्ये रोवणी, दिवाळीच्या आसपास कापणी, नंतर मळणी, मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि मे महिन्यात तेंदूपत्ता, अशी कामाची भर ठरावीक आठवड्यांत येते आणि मधल्या काळात शरीर बऱ्यापैकी विसावते. म्हणजे खंड आणि पुनरारंभ हे चक्र इथल्या मजुरालाही चुकलेले नाही. दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे रोवणाऱ्या बाईच्या कंबरेवर एकाच बाजूने ताण येतो. पाठ, पोट आणि नितंबांचे स्नायू बळकट करणारे व्यायाम रोवणीच्या महिनाभर आधी सुरू केले तर कंबर तो ताण अधिक चांगला सोसते.

सुरू करण्याआधी

निरोगी तरुणाला सावकाश चालणे सुरू करण्यासाठी तपासणीची गरज नसते. पण चाळिशी ओलांडलेल्यांनी, मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी, तंबाखू-खर्रा खाणाऱ्यांनी आणि घरात कमी वयात हृदयविकार झालेला असणाऱ्यांनी जोराचा व्यायाम सुरू करण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब, रक्तातील साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. एकदम केलेल्या जोराच्या श्रमात हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता एरवी बसून असणाऱ्या माणसात कितीतरी पटींनी जास्त असते. नियमित व्यायाम करणाऱ्यात ती फार थोडी वाढते. हळू सुरुवात केल्याने हाच धोका उतरत जातो. व्यायामाआधी खर्रा तोंडात धरणे हृदयासाठी वाईट आहे, कारण तंबाखूने नाडी आणि रक्तदाब दोन्ही आधीच चढलेले असतात.

हिमोग्लोबिनची तपासणी स्त्रियांनी टाळू नये. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. अशा स्त्रीला लागणारी धाप व्यायामाच्या अभावामुळे असेलच असे नाही. आधी रक्त वाढवावे लागते. बाळंतपणानंतर हलके चालणे लवकर सुरू करता येते, पण उड्या, धावणे आणि वजन उचलणे साधारण सहा आठवड्यांनंतर, आणि शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असल्यास डॉक्टरांना विचारूनच सुरू करावे.

सिकलसेल आणि मलेरिया

पूर्व विदर्भातील आदिवासी आणि इतर काही समाजांत सिकलसेल आजाराचे प्रमाण मोठे आहे. आजार असणाऱ्याने व्यायामाचा आराखडा डॉक्टरांकडूनच घ्यावा. वाहकाला, म्हणजे आजाराचे जनुक एकाच पालकाकडून मिळालेल्याला, एरवी काहीच त्रास नसतो, त्यामुळे आपण वाहक आहोत हे अनेकांना माहीतच नसते. पण कडक ऊन, अंगातील पाण्याची कमतरता आणि न थांबता केलेले जोराचे श्रम एकत्र आले, तर वाहकाच्याही लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन स्नायूंचा रक्तपुरवठा अडवू शकतात. खंडानंतर पहिल्याच दिवशी पूर्ण वेगाने धावणाऱ्या भरतीच्या उमेदवाराला हा धोका जास्त असतो. धावताना पायांतले बळ अचानक गेले, कंबर-मांड्या खूप दुखू लागल्या, तर त्याला आळस समजून पुढे पळवू नये. ताबडतोब थांबवून सावलीत न्यावे आणि दवाखान्यात पोहोचवावे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी करण्याचे उद्दिष्ट आहे. भरतीच्या तयारीला लागणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने ती आधी करून घ्यावी. वाहकांनी खेळ सोडायचे कारण नाही. त्यांनी पाणी भरपूर प्यावे, मधे मधे थांबावे आणि वेग सावकाश वाढवावा.

महाराष्ट्रातील मलेरियाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा मोठा असतो. मलेरियाने रक्त उतरते आणि प्लीहा, म्हणजे पोटात डाव्या बाजूला बरगड्यांखाली असणारी पाणथरी, सुजते. सुजलेली पाणथरी धक्क्याने फाटू शकते आणि त्यात जिवाला धोका असतो. म्हणून मलेरियानंतर कबड्डी, कुस्ती असे अंगाला अंग भिडणारे खेळ डॉक्टरांनी पोट तपासून परवानगी देईपर्यंत बंद ठेवावेत. कोणत्याही तापात व्यायाम करू नये. ताप उतरल्यावर काही दिवस फक्त चालावे आणि आजारपणाआधीच्या निम्म्यापासून सुरुवात करावी.

ऊन अंगी लागायला वेळ लागतो

चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी देशातील सर्वांत तापणाऱ्या ठिकाणांत मोडतात. मे महिन्यात इथला पारा ४७ अंशांच्या आसपास जातो. उन्हात काम करण्याची क्षमता हीसुद्धा कमवावी लागते. रोज थोडा वेळ उन्हात श्रम केले तर सात ते चौदा दिवसांत घाम लवकर सुटू लागतो, त्यातून मीठ कमी जाते, रक्तातील द्रव वाढतो आणि नाडी खाली येते. उन्हात जाणे थांबले की हा सराव तीन-चार आठवड्यांत बहुतेक निघून जातो.

उन्हात काम करणाऱ्यांसाठी अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने घालून दिलेले कोष्टक या जिल्ह्यांत थेट उपयोगी आहे. अनुभवी कामगार काही काळाने परतला असेल तर पहिल्या दिवशी नेहमीच्या ५० टक्के, दुसऱ्या दिवशी ६०, तिसऱ्या दिवशी ८० आणि चौथ्या दिवशी पूर्ण काम. अगदी नवा असेल तर पहिल्या दिवशी २० टक्के आणि पुढे रोज २० टक्क्यांची भर. तेंदूपत्त्याचा हंगाम थोड्याच दिवसांचा असतो आणि पुड्यांवर मजुरी मिळते, म्हणून पहिल्याच दिवशी जास्तीत जास्त पाने तोडण्याकडे कल असतो. हंगामाच्या आधीचा आठवडा सकाळच्या उन्हात रोज थोडे वाढवत चालण्यात घालवला तर शरीर तयारीने कामावर पोहोचते.

पावसाळ्यात पारा उतरतो तरी दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. जुलै-ऑगस्टमध्येही वेग कमीच ठेवावा. डोके दुखणे, मळमळ, चक्कर ही थांबण्याची खूण आहे. माणूस असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात समजावा: सावलीत आडवे करणे, अंगावर पाणी ओतून वारा घालणे आणि लगेच रुग्णालयात नेणे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

वेळ आणि जागा

ऊन टाळायचे तर पहाटे निघावे लागते, आणि पहाटेचा अंधार हीच वाघ-बिबट्यांच्या वावराची वेळ. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे क्षेत्र सुमारे १,७२७ चौरस किलोमीटर आहे, पण वाघ त्या सीमेत थांबत नाहीत. ब्रह्मपुरी वनविभागात ते गावांच्या शिवारात वावरतात. २०२२ च्या फेब्रुवारीत चंद्रपूर शहरालगतच्या वीज केंद्राच्या आणि दुर्गापूरच्या परिसरात वाघ-बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली. म्हणून जंगलालगत राहणाऱ्याने फटफटीत उजाडल्यावरच निघावे, दोघा-तिघांच्या सोबतीने चालावे, कानात इअरफोन घालू नयेत आणि झुडपांच्या कडेने जाणारी वाट सोडून मोकळा रस्ता धरावा. जंगलाच्या काठावर बसून किंवा वाकून करायचे व्यायाम करू नयेत. मोहफुले वेचताना किंवा सरपण गोळा करताना वाकलेल्या माणसांवर हल्ले झाले आहेत. उन्हाळ्यात यातून उजाडल्यापासूनचा तास-दीड तास उरतो. तोही जमला नाही तर घरातल्या ओसरीत उठाबशा, दंड आणि सूर्यनमस्कार घालणे हा सुरक्षित मार्ग आहे.

हिवाळ्यात हवेचा प्रश्न येतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक परिसरांचे प्रदूषण मोजले, तेव्हा चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होते. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि जड असल्याने धूर आणि धूळ सकाळी खालीच साचून राहते. डिसेंबर-जानेवारीत ऊन पसरल्यावर, आणि अवजड वाहनांच्या रस्त्यापासून दूर व्यायाम करावा. दमेकऱ्यांनी हे कटाक्षाने पाळावे.

जागांची उणीव नाही. चंद्रपुरात आझाद बाग आहे, बल्लारपूरजवळ विसापूरचे क्रीडा संकुल आहे, आणि बहुतेक गावांत शाळेचे मैदान असते. पावसाळ्यात गवतातून चालताना पायात बूट असावेत, कारण हा सापांचा काळ.

पहिले आठ आठवडे

पहिला आणि दुसरा आठवडा: आठवड्यातून पाच दिवस १५ ते २० मिनिटे सपाट रस्त्यावर चालणे. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतपत वेग पुरेसा. दोन दिवस खाटेवरून उठून बसण्याच्या आठ-दहा उठाबशा आणि भिंतीला हात टेकून तेवढेच दंड, एकदाच.

तिसरा आणि चौथा आठवडा: चालणे २५ ते ३० मिनिटे. उठाबशा आणि दंडांची दोन आवर्तने. सूर्यनमस्कार घालणाऱ्यांनी दोन-चारपासून सुरू करून दर काही दिवसांनी एक वाढवावा. दम पुरू लागला तरी याच टप्प्यावर आवर घालणे सर्वांत महत्त्वाचे.

पाचवा आणि सहावा आठवडा: ज्यांना धावायचे आहे त्यांनी एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे असे दिवसाआड २० मिनिटे करावे. बाकीच्यांनी तेवढाच वेळ भरभर चालावे.

सातवा आणि आठवा आठवडा: एकूण वेळ आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत न्यावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सुचवला आहे. ६५ वर्षांपुढील व्यक्तींनी तीन दिवस तोल सांभाळण्याचेही व्यायाम करावेत.

अंतर, वेग आणि चढ यांपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. क्रमाक्रमाने काय साधते याचे उदाहरण याच भागातले आहे. मे २०१८ मध्ये ‘मिशन शौर्य’ मोहिमेत चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले. त्याआधी अनेक महिने त्यांना दार्जिलिंग आणि लडाखसह टप्प्याटप्प्याने कठीण होत जाणारे प्रशिक्षण दिले गेले होते.

दुखणे कोणते सोसावे

नव्याने व्यायाम केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबते. उतार उतरताना किंवा उठाबशा काढताना स्नायू ताणलेल्या स्थितीत काम करतात, त्यातून त्यांच्या तंतूंना होणाऱ्या सूक्ष्म इजेमुळे हे दुखते. तीन-चार दिवसांत ते थांबते, आणि तोच व्यायाम पुन्हा केल्यावर दुखणे बरेच कमी असते. हलके चालणे यावर चांगले.

एकाच जागी टोचणारी वेदना, सांध्याची सूज, रात्री झोपेतही ठणकणारे हाड ही विश्रांतीची आणि तपासणीची कारणे आहेत. छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, भोवळ यांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. अतिश्रमानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर स्नायूंचे तंतू तुटून मूत्रपिंडांवर भार आल्याची ती खूण असते. तीही तातडीची बाब आहे.

अन्न, पाणी आणि सवय

अर्ध्या तासाच्या चालण्याला साधे पाणी पुरते. उन्हात तासाहून जास्त श्रम झाले तर मीठ घातलेले ताक किंवा मिठासह तांदळाची पेज चांगली. खूप घाम गेला असेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घ्यावे. स्नायूंच्या बांधणीसाठी डाळ, लाखोळी सोडून इतर कडधान्ये, अंडी आणि इथल्या तलावांतली मासळी यांतून प्रथिने मिळतात. लाखोळी रोजच्या मुख्य आहारात फार प्रमाणात आली तर पायांना कायमची दुर्बलता येऊ शकते, म्हणून तिच्यावर भिस्त ठेवू नये.

सवय बसायला किती दिवस लागतात याचा लंडनमध्ये अभ्यास झाला. सरासरी ६६ दिवस आली, पण कोणाला १८ दिवस पुरले तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही, हेही त्यात दिसले. सोबत असली की सातत्य टिकते. चंद्रपूरच्या गोंडकालीन किल्ल्याची स्वच्छता इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी २०१७ पासून श्रमदानाने हाती घेतली आणि ती दीर्घकाळ चालवली. एकट्याने हे झाले नसते. गावातल्या चार-पाच जणांनी ठरावीक वेळी मैदानावर जमायचे ठरवले तरी तोच परिणाम होतो.

पुढेही खंड पडणारच. रोवणी, लग्नसराई, झाडीपट्टीतल्या रात्रभराच्या नाटकांचे दिवस, खाणीतली बदललेली पाळी यांत ठरलेला व्यायाम पूर्ण होत नाही. अशा काळात तो पूर्ण बंद न करता कमी करावा. जोर तसाच ठेवून आठवड्यातून एक-दोनदा थोडा वेळ व्यायाम केला तरी आधी कमावलेली क्षमता कित्येक आठवडे टिकते. रात्रपाळी करणाऱ्याने आधी झोप पूर्ण करावी आणि मग संध्याकाळी, कामावर जाण्यापूर्वी चालावे. खंड आठवडाभराचा असेल तर थोडे कमी करून, दोन-तीन आठवड्यांचा असेल तर निम्म्यावरून, आणि दोन-तीन महिन्यांहून मोठा असेल तर पहिल्या आठवड्यापासून पुन्हा सुरुवात करावी. पूर्वी व्यायाम केलेल्या शरीराला दुसऱ्या वेळी हे टप्पे बहुधा लवकर पार करता येतात.